धारवाले काका लाकूड फोडायला शिकले

माझं चष्म्याचं दुकान आणि धारवाले काकांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही एका विटेची. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं त्यांचं चाक फिरायला लागलं की माझ्या काउंटरवरच्या फ्रेमा थरथरतात, आणि काका बोलायला लागले की माझी गिऱ्हाइकं तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून तिकडे कान लावतात. चाक तरी मधूनमधून थांबतं. "दगड झिजून तीन वेळा बदलला, जीभ मात्र अजून पहिलीच आहे," असं त्यांची बायकोच म्हणते, आणि ती त्यांच्यावर जीव टाकणारी बाई आहे.

शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, मोच्यांच्या रापी, खानावळीतल्या सुऱ्या, सगळं काकांकडे येतं. धार लागली की नाही हे बघायला ते आपल्या डाव्या हाताच्या केसांवरून पातं अलगद फिरवतात. केस उडाले की काम पास. त्यामुळे त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायम तुळतुळीत आणि उजव्यावर मात्र रान माजलेलं. कातडं कापायचं असेल तर पात्याला केवढा उतार द्यायचा, भाजीला केवढा, कापडाला केवढा, हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. धारेतलं आपल्याला सगळं कळतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. घोटाळा झाला तो तिथेच.

गल्लीच्या टोकाला एक बेकरी आहे. ती एका ताईंची. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता बेकरी बंद पडणार. ताईंनी एक दिवससुद्धा शटर खाली ठेवलं नाही. त्या आत कणीक मळतात, भट्टी सांभाळतात. आणि बाहेर गल्ल्याशेजारी उंच स्टुलावर त्यांच्या सासूबाई बसतात. सासूबाईंना अख्खी गल्ली आजी म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. पाव कालचा आहे का, असं कुणी विचारलं की त्या विचारणाऱ्याकडे अशा बघतात, की तो आपण कालचे आहोत का याचा विचार करत घरी जातो.

बेकरीची भट्टी लाकडावर चालते. मोठे ओंडके वखारीतून फोडूनच येतात, पण पहाटे भट्टी पेटवायला बारीक ढलप्या लागतात, आणि त्या रोज घरीच काढाव्या लागतात. त्यासाठी मागच्या अंगणात एक जुनी कुऱ्हाड होती. गेल्या वर्षी ताईंचा उजवा खांदा दुखायला लागला आणि कुऱ्हाड जड वाटायला लागली. त्याच सुमाराला त्यांचा भाचा डोंगरात तंबू ठोकून राहायला म्हणून गेला होता. परत जाताना तो ताईंकडे उतरला आणि आपला मोठा सुरा तिथेच विसरला. हातभर लांब, पाठ बोटाएवढी जाड, काळ्या रबराची मूठ. सिनेमातल्या माणसाच्या कमरेला असतो तसला. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "राहू दे मावशी, तुलाच होईल. आम्ही त्यानंच लाकडं फोडायचो."

ताई तो सुरा घेऊन काकांकडे आल्या. मी माझ्या दारात उभा होतो, म्हणून हे सगळं मला डोळ्यांनी दिसलं.

"काका, याला धार लावून द्या. आणि एक सांगा, यानं खरंच लाकूड फुटतं का हो?"

काकांनी सुरा हातात तोलला. टिचकी मारून आवाज ऐकला. डोळे बारीक करून धारेच्या रेषेतून पाहिलं. मग चाकावर घेतला. वीस मिनिटांनी डाव्या हातावरचे उरलेसुरले चार केस उडाले आणि काकांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"फुटतं का म्हणजे? ताई, लोण्यासारखं चिरत जाईल. सुरा लाकडावर ठेवायचा, पाठीवर दांडकं हाणायचं. कुऱ्हाड भंगारात घाला तुम्ही."

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले. त्यांनी माझ्या दुकानाबाहेर पडलेलं खोक्याचं फळकूट उचललं, उभं धरलं, त्यावर सुरा ठेवला आणि हातोडीच्या दांड्यानं पाठीवर एक ठोका दिला. फळकुटाचे दोन सरळ भाग झाले. आणखी एक ठोका, चार भाग. समोरचा न्हावी बाहेर येऊन बघायला लागला. तीनचार पोरी शाळेतून येत होत्या, त्या थांबल्या. टाळ्या पडल्या. एक टाळी माझीही होती, हे मी लपवणार नाही.

कुणाच्याही मनात आलं नाही, की खोक्याचं फळकूट म्हणजे मऊ, सरळ रेषांचं, बोटभर जाडीचं लाकूड. ते तसंही गुडघ्यावर मोडलं असतं.

पुढे तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. म्हणजे तसं वाटत होतं. ताईंनी मला नंतर सांगितलं, की दोनदा सुरा लाकडात अडकला होता आणि तो हलवून हलवून काढताना हातातून निसटून पायाशी पडला होता. "पण दोन्ही वेळा काही झालं नाही ना, मग वाटलं जमतंय."

ज्या दिवशी झालं त्या पहाटे लाकूड वेगळं होतं. वखारीतून कुठल्यातरी जुन्या फळझाडाचं लाकूड आलं होतं. वाळून खडखडीत झालेलं, वजनदार, आणि आत गाठ. गाठ बाहेरून दिसत नव्हती. ताईंनी तो तुकडा अंगणातल्या फरशीवर उभा केला, सुरा ठेवला, डाव्या हातानं मूठ धरली आणि उजव्या हातानं दांडकं मारलं. सुरा अर्धा आत गेला आणि गाठीवर रुतून बसला. पुढे जाईना, मागे येईना. कणीक फुगून तयार होती, भट्टी थंड होती, पहिलं गिऱ्हाईक साडेसहाला येतं. ताईंनी डाव्या हातानं मुठीवर सगळा भार टाकला आणि लाकडाच्या पलीकडे निघालेल्या टोकावर जीव खाऊन दांडकं हाणलं.

मूठ तुटली. पातं गर्रकन फिरून वर आलं, आणि भार टाकलेला डावा हात आधार सुटल्यामुळे तसाच खाली गेला, त्या पात्यावर.

"दुखलं नाही हो आधी," ताई मला नंतर सांगत होत्या. "नुसतं गार लागलं. मग खाली बघितलं."

त्यांच्या हाकेनं आजी बाहेर आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण हाय नाही की हुय नाही. धुतलेल्या कापडांच्या गठ्ठ्यातलं एक कापड ओढलं, घडी करून तळव्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं.

"आई, दोरीनं करकचून बांधू या का मनगटाला?"

"काही नको बांधायला. मी दाबते. तू हात वर धर. छातीच्या वर. आणि रडायचं ते गाडीत रड, इथे उभी राहून घेरी येईल." मग एका हातानं दाब तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी सुनेच्या बोटातली अंगठी काढून घेतली. हात सुजला की अंगठी रुतते, हे त्यांना ठाऊक होतं. दूधवाल्याची गाडी दारातच होती. त्यानं दुधाचे कॅन तसेच फुटपाथवर उतरवले आणि दोघींना इस्पितळात पोचवलं.

डॉक्टरांनी ताईंना बोटं वाकवायला सांगितली. अंगठा वाकला, करंगळी वाकली, शेजारचं बोटही वाकलं. मधलं आणि अंगठ्याजवळचं बोट सरळच राहिलं, जणू ती बोटं त्यांची नव्हतीच. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या तळव्यात असतात, त्या तुटल्या होत्या. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. दोऱ्या जोडल्या गेल्या. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहील, तीन महिने वजन उचलायचं नाही, आणि बोटं किती वाकतील ते आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आजी आमच्या बाजूला येताना दिसल्या. आजी स्टूल सोडून कधी कुठे जात नाहीत, म्हणून मी उठून दारात आलो. त्यांनी हातातलं फडकं काकांच्या फळीवर ठेवलं आणि उघडलं. आत तुटलेला सुरा होता. पातं वेगळं, मूठ वेगळी.

"धार छान लावलीत हो धारवाले," आजी म्हणाल्या. "एका घावात आरपार."

मग काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं आणि आल्या तशा निघून गेल्या.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना. अर्ध्या तासानं मी डोकावलो. काका स्टुलावर बसले होते. रबराची मूठ त्यांनी मधोमध चिरून उघडली होती.

"हे बघ," ते म्हणाले.

मुठीच्या आत पोलाद असेल ते मागच्या टोकापर्यंत, असं कुणालाही वाटेल. ते जेमतेम दोन बोटं आत जाऊन संपलं होतं. शेपटीएवढा निमुळता तुकडा, बाकी नुसतं रबर आणि प्लॅस्टिक. एवढ्या आधारावर हातभर पातं उभं होतं आणि त्यावर आम्ही दांडकी हाणायला सांगत होतो.

"मी हे पाहिलंच नाही," काका म्हणाले. "फक्त धार बघितली. लाकूड कसलं आहे, किती जाड आहे, बाई कुठे बसून फोडणार आहेत, काही विचारलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"काका, सुरा काही तुम्ही बनवला नव्हता."

"बनवला नव्हता. पण त्या विचारायला आल्या होत्या ना? 'फुटतं का हो,' म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं लोण्यासारखं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मी आयुष्यात कधी लाकूड फोडलेलं नाही रे."

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं त्यांचं ताट वाढलं. मग म्हणाली, "अहो, माफी मागायला जाल तेव्हा बोलत सुटू नका. त्यांना तुमच्या शब्दांचा काय उपयोग? त्यांची भट्टी कोण पेटवणार ते बघा."

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता काका बेकरीच्या मागच्या दारात उभे राहिले. आजींनी दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय पाहिजे?"

"ढलप्या काढून देतो, आजी."

"येतात का काढता?"

काका खोटं बोलू शकले असते. "नाही," ते म्हणाले.

आजींनी दार सताड उघडलं. "मग आत या. येत नाही म्हणणारा शिकतो तरी."

माझ्या मते या माणसाचं आयुष्य बदललं ते या अंगणात, आणि बदलणारी बाई होती पाच फुटांपेक्षा बुटकी. आजींनी आधी माळ्यावरून जुनी कुऱ्हाड खाली काढायला लावली. मग दांड्यातली फट दाखवली. "हलतोय. आधी पाचर ठोका, दांडा घट्ट करा. पातं उडालं तर कुणाच्या कपाळात जाईल सांगता येत नाही." मग फरशीवर नाही, तर गुडघ्याएवढ्या उंच, रुंद ठोकळ्यावर लाकूड ठेवायला सांगितलं. तेही ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला, म्हणजे नेम चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात रुतेल, नडगीत नाही. पाय फाकवून उभं राहायचं. लाकूड हातानं धरायचं नाही, उभं राहत नसेल तर दुसऱ्या लाकडाचा टेकू द्यायचा. आणि फोडण्याआधी लाकूड फिरवून फिरवून बघायचं. रेषा वळल्या असतील, फुगवटा असेल, तर आत गाठ आहे. ते लाकूड बाजूला ठेवायचं, तसंच अख्खं भट्टीत जाईल.

"गाठीशी भांडायचं नाही," आजी म्हणाल्या. "आपल्याला काय तिच्याशी लग्न करायचंय?"

पहिल्या सकाळी काकांनी ठोकळ्याला अकरा घाव घातले आणि लाकडाला दोन. सातव्या दिवशी हातावर फोड आले. धारवाल्याच्या हाताला घट्टे असतात, पण ते वेगळ्या जागी. तिसऱ्या आठवड्यात ढलप्या एका जाडीच्या निघायला लागल्या. त्या दिवशी आजींनी चहाचा कप अर्धा न भरता पूर्ण भरला.

ताईंची नणंद गावाहून मळायला आली होती, तरी हात कमी पडत. म्हणून लाकडं झाली की काका कणकेलाही लागत. त्यात त्यांना गती नव्हती. त्यांचे पहिले पाव भट्टीतून निघाले तेव्हा आजींनी एक उचलून फळीवर आपटला. टणक आवाज आला. "धारवाले, हे तुमच्या दुकानात न्या. यावर सुऱ्या घासता येतील."

ताई मात्र काकांशी बोलत नव्हत्या. हात गळ्यात अडकवून त्या दारात उभ्या राहत, नणंदेला सूचना देत, काकांच्या डोक्यावरून बघत. काका सकाळी यायचे, काम करायचे, साडेसातला निघून आठला आपलं दुकान उघडायचे. एक महिना असा गेला.

मग एके दिवशी ताई अंगणात आल्या आणि ठोकळ्याजवळच्या बाकावर बसल्या. काकांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"लोण्यासारखं म्हणाला होतात तुम्ही," ताई म्हणाल्या.

"म्हणालो होतो."

"माझा डावा हात मला रोज रात्री सांगतो, की तू मूर्ख आहेस. दोनदा अडकला होता सुरा, तरी मी थांबले नाही. मग मला तुमचा राग येतो. मग वाटतं, राग कुणाकुणावर वाटून देऊ? भाच्यावर? स्वतःवर? तुमच्या वाट्याला किती?"

"माझ्या वाट्याचा मला द्या," काका म्हणाले. "तो घ्यायलाच येतो मी रोज."

ताईंनी ठोकळ्यावरच्या लाकडाकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, "ते लाकूड फिरवून बघा. त्याच्या आत गाठ आहे."

काकांनी फिरवून पाहिलं. होती.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता झालंच. पण तो सगळ्यात वाईट आठवडा होता. बोटं सुजलेली, आखडलेली, लाकडासारखी ताठ. व्यायाम शिकवणाऱ्या बाई इस्पितळात रोज हळूहळू बोटं वाकवून घेत, आणि मधलं बोट अर्ध्या वाटेवर येऊन हटून बसे. ताई बेकरीत आल्या, मळायच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिथेच रडल्या. जखम झाली त्या दिवशी रडल्या नव्हत्या एवढ्या. "आई, विकून टाकू या," म्हणाल्या.

आजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नेहमीचं तिखट काही बोलल्या नाहीत. "विकायची घाई काय आहे?" एवढंच म्हणाल्या. "उद्या व्यायामाला जायचंय ना, ते जा."

त्या व्यायामवाल्या बाई हुशार होत्या. ताई काय काम करतात हे त्यांनी आठव्या आठवड्यात विचारलं आणि ऐकून हसल्याच. "अहो, मग मी तुम्हाला रबरी गोळा कशाला देऊ? सैल कणीक मळा. अगदी सैल, पातळ. रोज दहा मिनिटं. दुखेपर्यंत नाही, ओढ जाणवेपर्यंत. पुढच्या आठवड्यात थोडी घट्ट."

तेव्हापासून ओट्याच्या एका टोकाला ताईंचा एक छोटा गोळा वेगळा ठेवलेला असे. काका त्याला 'औषध' म्हणत. आज औषध किती घट्ट झालं, हे ते रोज बोटानं दाबून बघत आणि आमच्या गल्लीला येऊन सांगत. चाक पुन्हा फिरायला लागलं होतं, जीभही. पण एक फरक पडला होता. कुणी काही धार लावायला आणलं की काका आता आधी विचारत, "कशासाठी?" आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसत. काकांना गप्प बसलेलं बघून काही गिऱ्हाइकं घाबरून सगळं खरं सांगून टाकत.

ताईंचा खांदा दुखायचा तो दुखतच होता. हात बरा झाला तरी त्यांना रोज कुऱ्हाड उचलणं कठीणच जाणार होतं, आणि काका काही जन्मभर पुरणार नव्हते. ते त्यांना कळत होतं. एका दुपारी ते माझ्याकडे आले, माझ्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी काढत बसले आणि एकदम म्हणाले, "पातं हलतं म्हणून घोटाळा होतो. पातं हललंच नाही तर?"

कल्पना साधी होती. पातं धार वर करून एका जड लोखंडी बैठकीत कायमचं बसवायचं. भोवती लोखंडी कडं, म्हणजे हात चुकून धारेवर जाणार नाही. लाकूड कड्यात उभं करायचं, हात काढून घ्यायचा आणि वरून लाकडावर हातोडा मारायचा. हातोडा हलका असला तरी चालतो, खांदा वर न्यावा लागत नाही. अशी अवजारं कुठेकुठे मिळतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मिळत असतील. पण हे मला करायचंय."

गल्लीमागच्या वेल्डरनं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद दिलं. पहिला नमुना तयार झाला तो काकांनी दुकानासमोरच लावला. कडं फार बुटकं झालं होतं. दुसऱ्या ठोक्याला लाकडाचं अर्धुक उडालं आणि माझ्या दुकानाची काच फुटली. मी बाहेर आलो. काका काचेकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "बरं झालं, कुणी टाळ्या वाजवायला उभं नव्हतं."

काच त्यांनी स्वतः बसवून दिली, आणि दुसरा नमुना माणसांपासून लांब, बेकरीच्या अंगणात, डोळ्यांना जाड चष्मा लावून तपासला. चष्मा माझ्याकडचा. कडं उंच केलं होतं. बैठक ठोकळ्यावर चार बोल्टांनी आवळली होती. पंधरा दिवस काकांनी रोज वेगवेगळं लाकूड त्यात घालून बघितलं: ओलं, वाळलेलं, वाकडं. जे फुटत नव्हतं ते सरळ भट्टीत.

मग एका सकाळी ताईंना बोलावलं. जखमेला तेव्हा चार महिने झाले होते. ताई अंगणाच्या उंबऱ्यावर थांबल्या. पात्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. काका पुढे झाले नाहीत, सोपं आहे असंही म्हणाले नाहीत. हातोडा ठोकळ्याशेजारी ठेवला आणि चार पावलं मागे सरले.

ताई आल्या. एक ढलपी उचलून तिच्या टोकानं कड्याच्या आत चाचपून पाहिलं. बोल्ट हलवून बघितले. लाकूड उचललं, फिरवलं, रेषा बघितल्या, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. तेही बाजूला. तिसरं कड्यात उभं केलं. डावा हात पाठीमागे नेऊन ठेवला. उजव्या हातानं हातोडा मारला. ठक. पुन्हा ठक. तिसऱ्या ठोक्याला लाकूड दुभंगून कड्याच्या दोन बाजूंना टेकलं.

"हं," ताई म्हणाल्या, आणि चौथं लाकूड घेतलं.

आजी खिडकीतून बघत होत्या. "दुकान उघडायची वेळ झाली," त्या ओरडल्या. "खेळून झालं असेल तर या दोघं."

आज या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. ताईंचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही, तळव्याला टेकायला नखभर अंतर राहतं. थंडीत ते दुखतं आणि त्याच्या टोकाला स्पर्श नीट कळत नाही. पण त्या मळतात, भट्टी सांभाळतात, पहाटे ढलप्या स्वतः काढतात. नणंद आपल्या घरी गेली आणि तिनं स्वतःचा ओव्हन घेऊन तिथे केकचं काम सुरू केलं. काका आठवड्यातून एकदा सकाळी बेकरीत जातात. काम काही नसतं. त्यांचे पाव आता खाण्यासारखे होतात, असं आजी म्हणतात. फक्त गिऱ्हाइकांना सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात डोंगरात भटकणाऱ्या लोकांच्या एका मंडळानं काकांना बोलावलं. सुऱ्यांना धार कशी लावावी ते दाखवा, म्हणाले. पूर्वीचे काका असते तर आदल्या दिवसापासून भाषण घोकत बसले असते. ते ताईंकडे गेले आणि विचारलं, "तुम्ही याल का बरोबर? नाही म्हणालात तरी चालेल."

ताई गेल्या. मीही गेलो, खुर्च्या लावायला. तीसेक माणसं, निम्म्यांच्या कमरेला मोठाले सुरे. काकांनी धार लावून दाखवली, छान दाखवली. मग म्हणाले, "आता माझी चूक सांगतो," आणि सगळं सांगितलं, लोण्यासकट. फळकुटावर मिळालेल्या टाळ्यासुद्धा सांगितल्या. ताईंनी हात पुढे करून मूठ मिटून दाखवली, जेवढी मिटते तेवढी.

मंडळाची म्होरकी एक उंच, उन्हानं रापलेली बाई होती. ती म्हणाली, "पण काका, अडचणीच्या वेळी सुऱ्यानंच फोडावं लागतं. पाऊस आहे, वरचं लाकूड ओलं आहे, आतलं कोरडं लाकूड काढायचं तर दुसरं काही नसतं."

काका थांबले. पूर्वी थांबत नसत. "खरं आहे," ते म्हणाले. "मग मनगटाएवढंच लाकूड घ्या, त्याहून जाड नको. सरळ रेषांचं, बिनगाठीचं. खाली भक्कम ठोकळा. अडकला तर हाणू नका, लाकडाची पाचर मारून फट मोठी करा. आणि निघायच्या आधी घरी बसून बघा, तुमच्या मुठीच्या आत पोलाद कुठपर्यंत आहे. कळत नसेल तर त्या सुऱ्यानं दोरी कापा, भाजी चिरा. आणि जिथे मदत यायला दोन तास लागतात तिथे, जमतंय का बघू, असं करू नका. ताईंच्या दारात दूधवाला होता. तुमच्या डोंगरावर कोण आहे?"

त्या बाईनं आपला सुरा म्यानातून काढला आणि बराच वेळ मुठीकडे बघत राहिली. मागच्या रांगेतले दोघं आपापले सुरे घेऊन काकांपाशी आले. कार्यक्रम तासाभराचा होता, तो संपायला तीन तास लागले.

परत येताना बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या, काका त्यांच्या पुढच्या सीटवर. त्या मंडळानं पुढच्या वेळी शाळेतल्या मुलींच्या शिबिराला बोलावलं होतं.

"जायचं का?" काकांनी मागे वळून विचारलं.

"जायचं," ताई म्हणाल्या. "पण आईंना घेऊन. आपण दोघं फारच गोड बोलतो. त्या मुलींना कुणीतरी नीट ओरडणारं माणूस पाहिजे."

काका एवढे हसले, की कंडक्टरनं वळून बघितलं.